छातीवरचं नाव

सुरुवातीलाच तीन वयं सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. वडील बावन्नाव्या वर्षी गेले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पंचावन्नाव्या वर्षी गेला. दोघांच्याही जाण्याचं कारण हृदय. मी त्या वेळी चोपन्न वर्षांचा होतो. अशा वयाच्या आणि अशा घरात जन्मलेल्या माणसाने मॅरेथॉन पळायचं ठरवलं, तेव्हा माझ्या बायकोचं मागणं एकच होतं: मी जिवंत घरी यावं. वेळ, पदक, संस्थेसाठी जमणारा निधी, यातलं काहीच तिला नको होतं.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर बसायचे आणि विड्या ओढायचे. त्यांच्या जाण्याला आम्ही कारण लावू शकलो. दादाच्या जाण्याला लावता आलं नाही. तो सुपारीसुद्धा खात नसे. सहा वर्षं रोज पहाटे पळायचा. एका रविवारी घाटकोपरच्या घरी दुपारचं जेवण झालं, बाहेरच्या खोलीत आडवा झाला. टीव्ही चालू होता. वहिनी त्याच खोलीत खाली बसून मेथी निवडत होती. चार वाजता तिने चहा ठेवला, हाक मारली, तो उठला नाही. दोन ते चार या वेळात तो नेमका कधी गेला हे कोणालाच सांगता आलं नाही. वहिनी दीड हातावर होती. ती हे एकच वाक्य येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "मी इथेच होते हो, इथेच."

दादाने त्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये आधीच नाव घातलं होतं. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलणारी एक संस्था आमच्या उपनगरात ही शर्यत भरवते. प्रत्येक धावणारा ओळखीच्या लोकांकडून देणगी मिळवतो आणि त्यांच्या वतीने पळतो. दादाच्या नावावर देणग्या जमायला लागल्या होत्या. तेराव्यानंतर वहिनीने मला संस्थेचा मेल दाखवला. "तुमचा सराव सुरू झाला का?" असं त्यात हसतखेळत विचारलं होतं. मी फोन करून खरं काय ते सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, घरातलं कोणी पळणार असेल तर जागा त्यांच्या नावावर करता येईल.

मी म्हटलं, मी पळतो.

का म्हटलं, याचं साधं उत्तर आहे. मी एका कंपनीत कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशोब बघतो. पैसे आले आणि माल गेला नाही, अशी नोंद मला बघवत नाही.

बायको म्हणाली, "तुम्ही? बस सुटताना दिसली तरी तुम्ही पळत नाही. पुढची येईल म्हणता."

"सराव करीन."

"आधी डॉक्टर. मी सोबत येणार. तुम्ही घरी येऊन अर्धंच सांगता."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, फिरत्या पट्ट्यावर पळवलं, कागद उलटसुलट बघितले. आत्ता तरी काही दिसत नाही, पण घराण्याचा इतिहास बघता एक मर्यादा घालून देतो, असं म्हणाले. नाडी एकशे पंचेचाळीसच्या वर जाऊ द्यायची नाही. "जिंकायला कोणी सांगितलंय? शेजारच्याशी गप्पा मारत पळा. गप्पा मारता येईनात की चाला. छातीत काही वाटलं तर जागच्या जागी थांबा." बायकोने आकडा त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. घरी आल्यावर तिने तो फ्रीजवर चिकटवला.

मी कामाला लागलो. मुलुंडला आमच्या घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारा एक रस्ता आहे, पहाटे तिथे फारशी रहदारी नसते. आधी चाललो, मग थोडं पळून थोडं चाललो. वहिनीने दादाचं मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. ते नाडी मोजतं. मर्यादा घालून ठेवली की तिच्या वर गेल्यावर मनगटावर थरथरतं. मी त्याच्यात एकशे पंचेचाळीस घातलं आणि निर्धास्त झालो. आकड्याची राखण यंत्राने करावी, माणसाने पळावं. घड्याळ सुरू केलं की पडद्यावर दादाचं नाव यायचं आणि खाली "पुन्हा स्वागत". ते कसं काढायचं मला सापडलं नाही. मी फार शोधलंही नाही.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. माझ्या नव्या बुटांची टाच बाहेरच्या बाजूने झिजत होती. मी आयुष्यभर चपला आतल्या बाजूने झिजवल्या आहेत. चांभाराकडे कधी काय टाकलं हे मला आठवतं, त्यामुळे यात चूक नाही. वहिनीकडे गेलो असताना दादाचे जुने बूट कपाटाखाली दिसले. उलटे करून बघितले. बाहेरची बाजू गेलेली होती, माझ्यासारखीच तिरकी. सख्खे भाऊ, हाडं सारखी, पळायला लागलं की पाय सारखेच पडणार, असं मी स्वतःला समजावलं. समजावणं पटण्यासारखंच होतं. तरी मी ते बूट परत ठेवताना जोडीने ठेवले नाहीत, एक पुढे एक मागे ठेवले. का, ते माहीत नाही.

आई आमच्याकडे असते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. एके पहाटे मी पळून आलो. ती खिडकीपाशी बसली होती, रस्त्याकडे बघत. मी दार उघडलं तर ती दादाला लहानपणी ज्या नावाने हाक मारायची त्या नावाने म्हणाली, "इलंस? पाणी गरम आसा."

मी म्हटलं, "आई, मी आहे."

तिने मान वळवली. मग म्हणाली, "तुझी चाल अशी नाय होती रे."

शर्यतीच्या तीन दिवस आधी छातीवर लावायचा नंबर मिळाला. त्याला बिब म्हणतात. कापडासारखा चिवट कागद, वर मोठा आकडा आणि आकड्याखाली पळणाऱ्याचं नाव, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना नावाने ओरडून हुरूप देता येतो. सगळ्या कागदपत्रांत आता माझं नाव, माझा रक्तगट, माझ्या बायकोचा फोन नंबर होता. मी ओळ न् ओळ तपासली. फक्त बिबवर दादाचं नाव होतं. छपाई आधीच होऊन गेली होती.

टेबलावरची मुलगी म्हणाली, "सॉरी काका. ही कोरी पट्टी घ्या ना, वर चिकटवा, तुमचं नाव लिहा. खूप जण करतात."

पट्टी घेऊन घरी आलो. जेवणाच्या टेबलावर बिब पसरलं, मार्करचं टोपण काढलं. पट्टी त्या अक्षरांवर धरली आणि माझा हात पुढे जाईना. मेलेल्या माणसाच्या नावावर आपलं नाव चिकटवायचं? शिवाय देणग्या त्याच्या नावाने आल्या होत्या. ज्याच्या नावाने पैसे आले त्याचंच नाव धावलं पाहिजे, असा माझ्या डोक्याने हिशोब मांडला. आज मला तो चुकीचा वाटतो. त्या संध्याकाळी काटेकोर वाटला होता.

आईने मात्र स्पष्ट सांगितलं, "वर्स होवक नाय अजून. रस्त्यार त्येचा नाव घेव नको. माणूस आपला नाव आयकून परत फिरता."

बायकोने पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

आदल्या रात्री मी घाटकोपरला मुक्कामाला गेलो. तिथून पवईला पहाटे पोचायला सोपं, आणि वहिनीचीही इच्छा होती. बायको परस्पर पवईला यायची होती. वहिनीने दादाचा पळण्याचा टी-शर्ट इस्त्री करून ठेवला होता. मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा, असं दादा शर्यतीच्या आदल्या दिवशी जे खायचा तेच वाढलं. मी जेवताना ती समोर बसली.

"त्यांना लिंबू लागायचं वरणावर," ती म्हणाली. "तुम्हाला देऊ?"

"मला नको. आंबट चालत नाही रात्री."

ती उठली आणि लिंबू कापून आणलं. मी पिळलं आणि खाल्लं.

झोपण्याआधी तिने माझ्याकडून घड्याळ मागून घेतलं. "चार्जिंगला लावते. ते असेच विसरायचे." तिने ते दादाच्या फोटोखालच्या फळीवर लावलं. तिथे दादाचा फोनही होता. सात महिने झाले तरी ती तो रोज चार्ज करत होती, त्याचं महिन्याचं बिलही भरत होती. "कोणाचा फोन आला तर?" ती म्हणायची.

आता मला नंतर कळलेली एक गोष्ट मी इथेच सांगून टाकतो, लपवून ठेवायला मला जमत नाही. ते घड्याळ दादाच्या फोनशी जोडलेलं होतं. मुलुंडला फोन जवळ नव्हता, म्हणून मी घातलेला आकडा टिकून राहिला. त्या रात्री दोघं एका फळीवर आले. घड्याळाने मालकाचा फोन ओळखला आणि माझी मर्यादा पुसून त्याची जुनी मर्यादा परत घातली. एकशे पंचाहत्तर. नंतर माझ्या मुलीने दोन्ही यंत्रं समोर ठेवून मला हे उलगडून दाखवलं. त्या रात्री मात्र मी बाहेरच्या खोलीत, दादा जिथे गेला त्याच दिवाणावर, चांगला गाढ झोपलो.

पवईच्या तलावाकाठून सुरुवात होती. तलाव, तिथून फिल्टरपाड्याकडून आरेच्या झाडीत, आत वळसा घालून परत तलाव. अशा चार फेऱ्या. अजून उजाडलं नव्हतं. थंडीचे दिवस, तलावावरून धुकं उठून रस्त्यावर येत होतं. बायको फेरी पूर्ण होते तिथे उभी राहणार होती, मीठ-लिंबाचं पाणी घेऊन. तिने माझं बिब बघितलं. तिची नजर त्या नावावर थांबली आणि ती माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली, "प्रत्येक फेरीला मला तोंड दाखवायचं. थांबून."

"थांबतो."

"आकडा?"

"एकशे पंचेचाळीस."

सुटलो. पहिल्याच वळणावर कॉलेजची पोरं ढोल घेऊन उभी होती. माझं बिब दिव्याच्या उजेडात आलं आणि एक जण दादाचं नाव घेऊन ओरडला, "कमॉन अंकल, झकास!" मग सगळेच ते नाव ओरडायला लागले. मला खांद्यावर कोणी हात ठेवल्यासारखं झालं. सात महिन्यांत ते नाव आमच्या घरात हळू आवाजात घेतलं जात होतं. इथे अनोळखी माणसं ते गळा फाडून घेत होती, आणि घेताना बघत होती माझ्याकडे.

आरेत शिरलं की आवाज बंद होतात. दोन्ही बाजूंना झाडं, गोठ्यांचा वास, ओल्या पानांचा वास. पळणारे पांगले होते. कोणी म्हणालं, "बिबट्या आला तर सगळे रेकॉर्ड मोडतील," आणि थोडे हसले, आणि पुन्हा फक्त बुटांचा आवाज. धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. अशा ठिकाणी डाव्या बाजूने, झाडांमधून कोणी तरी दादाचं नाव घेतलं. ओरडून नाही. घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं.

मी पुढे गेल्यावर हिशोब केला. मला तो दिसला नव्हता, म्हणजे त्यालाही मी दिसलो नसणार. मी दिसलो नाही तर बिबवरची अक्षरं वाचायचा प्रश्नच नाही. मग संस्थेचा एखादा स्वयंसेवक झाडाखाली बसला असेल, माझ्या पुढे-मागे त्याच नावाचा आणखी कोणी पळत असेल. ते नाव काही जगावेगळं नाही. उत्तर मिळालं. वळून मात्र बघितलं नाही.

पहिली फेरी संपली. बायकोपाशी थांबलो, पाणी प्यालो. घड्याळ एकशे अडतीस दाखवत होतं. मी तिला मनगट दाखवलं. तिने समाधानाने मान हलवली. सगळं आकड्यात बसत होतं.

दुसऱ्या फेरीत, आरेच्या चढावर, एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ माझ्या बरोबरीने पळायला लागला. त्याने बिबकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"काय रे! या वर्षी पुढे आलास? गेल्या वर्षी पाठी होतास माझ्या."

त्या क्षणी दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. तो मी नव्हे, तो माझा भाऊ, तो गेला. चढावर दम लागला होता, वाक्यं लांब होती. मी म्हटलं, "हो."

"गुडघा काय म्हणतो?"

दादाच्या डाव्या गुडघ्याचा त्रास मला ठाऊक होता. "बरा आहे."

"सांगितलं होतं ना तुला, हळद लाव, आंबेहळद. ऐकलंस ना शेवटी?"

"ऐकलं."

"बघ! आणि मंडळी बरी आहे ना? मागे डबा घेऊन उभी होती बघ तुझी, लाल साडीत."

"बरी आहे," मी म्हटलं. लाल साडी वहिनीची.

"चल, मी चालतो जरा. तू हो पुढे. तुला काय, तू घोडा आहेस."

मी पुढे झालो. आणि खरोखर हलका झालो. हे कसं सांगावं कळत नाही. पंधरा-सोळा किलोमीटरला माझ्या पोटऱ्या दगड होतात, प्रत्येक सरावात झाल्या होत्या. त्या दिवशी झाल्या नाहीत. पाय माझ्या परवानगीशिवाय पडत होते. श्वास कुठून तरी खोलवरून, नियमाने येत होता. चढ आला तरी वेग कमी होईना. डावा गुडघा तेवढा दुखायला लागला. तो माझा आजवर कधीच दुखला नव्हता.

दुसऱ्या फेरीअखेर मी बायकोपाशी थांबलो का? मला वाटतं थांबलो. ती म्हणते, थांबला नाहीत, हात केलात आणि गेलात. "आणि तुम्ही डावा हात केलात," ती म्हणते. "तुम्ही कधी डावा हात करत नाही." घड्याळाकडे बघायची मला गरज वाटली नाही. ते थरथरलं नव्हतं, म्हणजे सगळं मर्यादेत होतं.

तिसऱ्या फेरीत उजाडलं, पण धुकं हटलं नाही, नुसतं पांढरं झालं. आता कोणी दादाचं नाव घेऊन ओरडलं की मी हात वर करत होतो. पाण्याच्या टेबलावरची एक बाई ते नाव घेऊन म्हणाली, "मस्त चाललंय!" तर मी "ओ" म्हटलं. ओ दिल्यावर मला बरं वाटलं. आरेतल्या त्या झाडांपाशी आलो. तिथून पुन्हा हाक आली, तशीच, घरगुती आवाजात. या वेळी मी हिशोब केला नाही. मी म्हटलं, "आलो."

तिथून तलावापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. साधारण पाच किलोमीटर माझ्या हिशोबातून गळले आहेत.

पुढचं मी थोडं माझं आणि थोडं बायकोचं सांगतो. ती दोरीपाशी उभी होती. धुक्यातून मी येताना तिला दिसलो आणि तिला दादाच येतोय असं वाटलं. तसाच थोडा डावीकडे कललेला, तसेच कोपर बाहेर. तोंड उघडं होतं, रंग राखेसारखा झाला होता. तिने हाक मारली, "अहो!" मी बघितलं नाही. तिथे सतरा बायका उभ्या होत्या आणि सगळ्याच कोणाला ना कोणाला "अहो" म्हणत होत्या. ती पुन्हा म्हणाली, "अहो, थांबा!" मी तिच्या हाताच्या अंतरावरून गेलो. चौथ्या फेरीकडे वळलो. मागे पोरं ढोल वाजवत दादाचं नाव घोकत होती आणि मी त्या नावाच्या तालावर जात होतो.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शहरात राहून, नोकरी करून, हा रिवाज आमच्या घरात तसाच राहिला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतरच्या सव्वीस वर्षांत तिने माझं नाव उच्चारलेलं मी ऐकलं नाही. बँकेत कोणी विचारलं तर ती पासबुक पुढे करते. आजारपणात, भांडणात, मुलीच्या जन्माच्या वेळी, कधीही नाही. ही काही बंडखोरी न करणारी बाई आहे असं नव्हे. तिला तशी गरज पडली नव्हती.

ती दोरीखालून वाकून रस्त्यावर आली. चप्पल एक सुटली. पळत पळत तिने माझं नाव घेतलं. नुसतं नाव, मागे-पुढे काही नाही, शाळेतल्या मास्तरांनी हजेरीत घ्यावं तसं, पण ओरडून.

मला ते ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं, तिचाच आवाज, हेही कळलं. आणि मला वाटलं, ती त्याला हाक मारते आहे. तो मागे राहिला असेल बिचारा, त्याला सवय नाही पळायची. त्याच्या बायकोला काळजी वाटत असेल. म्हणून तो कुठवर आलाय ते बघायला मी मागे वळलो.

मागे धुक्यात मला कोणी दिसलं नाही. फक्त माझी बायको होती, एका पायात चप्पल, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

वळताना पाय थांबले. थांबल्यावर छातीवर कोणी तरी बसलं. डावा हात जड झाला. मी रस्त्यावर खाली बसलो. मनगटावर एकशे एकाहत्तर होतं.

संस्था हृदयाची, त्यामुळे रुग्णवाहिका जवळ होती. आतला डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने बिब वाचलं आणि मला दादाच्या नावाने हाका मारायला लागला. "सर, डोळे उघडे ठेवा. ऐकू येतंय का?" आणि पुन्हा ते नाव.

बायको म्हणाली, "त्या नावाने नका बोलावू त्यांना. ते गेले."

"कोण गेले?" डॉक्टर दचकला आणि त्याने माझी नाडी चाचपली.

"ते नाव ज्यांचं होतं ते. हे आहेत." तिने माझ्या छातीवरच्या चारही पिना काढल्या. एक तिच्या अंगठ्यात रुतली. मग तिने डॉक्टरला माझं नाव सांगितलं, आडनावासकट, त्या सकाळी दुसऱ्यांदा. "या नावाने बोलावा. दुसऱ्या नावाला ओ देतायत ते."

एक धमनी जवळजवळ बंद झाली होती. तपासण्यांत ती दिसली नव्हती. तासाभरात स्टेंट बसला. नंतर डॉक्टर म्हणाले, ज्या जोराने तुम्ही पळत होतात त्या जोराने आणखी अर्धा किलोमीटर गेला असता तर बोलणी वेगळी झाली असती. मी विचारलं, तिथे कोणती जागा येते? त्यांना काय माहीत. मला माहीत होतं. तिथून आरेची झाडी सुरू होते.

वहिनी दुसऱ्या दिवशी आली. तिने त्या दिवशी घरी बसून दादाच्या फोनवर शर्यत बघितली होती. बिबमागे एक चिप असते, त्यामुळे नकाशावर तुमच्या नावाचं टिंब पुढे सरकताना दिसतं. चिपची नोंदही बिबच्या छपाईबरोबरच झालेली, म्हणून तिला दादाच्या नावाचं टिंब दिसत होतं. ती माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसली. रडली नाही. फार दिवसांनी नीट झोपलेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता.

"भाऊजी, मला कळलं हो," ती म्हणाली. "टिंब तलावापाशी आलं आणि थांबलं. मी बघत होते. सात वाजून गेले होते. थांबलं ते थांबलंच." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "त्या दुपारी मी इथेच होते आणि मला कळलं नाही. या वेळी कळलं. डोळ्यांसमोर गेले."

मी जिवंत पडलो होतो आणि ती माझ्या हातावर हात ठेवून त्याचा शेवट मला सांगत होती. माझी बायको उठली. स्टूल आणि खाट यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "वहिनी, चहा घ्या," ती म्हणाली. आवाज गोड होता, पण जागची हलली नाही.

वहिनीने त्याच आठवड्यात दादाचा फोन बंद केला. तिला तो आता लागत नव्हता.

घरी आल्यावर मी प्रत्येक देणगीदाराला कळवलं की बेचाळीसपैकी बत्तीसच किलोमीटर झाले, उरलेल्याच्या प्रमाणात रक्कम परत हवी असल्यास सांगावं. कोणी मागितली नाही. माझ्या ऑफिसातल्या एका देणगीदाराने उलट लिहिलं, "यार, तू स्टेंटचं बिल पण आम्हालाच विभागून पाठवशील असं वाटलं."

बायको आता मला नावानेच हाक मारते. आईला ते आधी रुचलं नाही, मग तीच म्हणाली, "मार गो, मोठ्यान मार." स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, बाजारात, लिफ्टपाशी, दिवसातून कितीदा तरी. काम असतं असं नाही. मी ओ दिली की ती "काही नाही" म्हणते.

तिला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. तिने हाक मारली की आधी मी मागे बघतो, तो आलाय का ते. मग ओ देतो.